कर्णध्वज दाजूंची छाटणी

कर्णध्वज राई निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कागेडांड्यातल्या सगळ्या नळांना भरपूर पाणी आलं, आणि हा आपला जाहीर अपमान आहे असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

असं वाटायला त्यांना कारण होतं. आमची वस्ती कालिम्पोंगच्या वाटेवर, डोंगराच्या अंगाला चिकटून बसलेली. वरच्या झऱ्याचं पाणी टाकीत पडतं आणि टाकीतून घराघरांत येतं. म्हणजे येतं की नाही, हे चावीवाल्यावर असतं. दाजू हे आमचे चावीवाले. दाजू म्हणजे खरं तर थोरला भाऊ, पण त्यांना हाक मारताना आम्ही तो शब्द ‘साहेब’ ह्या अर्थानं वापरत होतो. कुणाकडे लग्न ठरलं की नवऱ्या मुलाच्या मामाच्या आधी दाजूंना आमंत्रण जाई. कुणी डुक्कर कापलं की त्यातला चांगला वाटा पानात गुंडाळून त्यांच्या घरी पोचे. ते रस्त्यानं निघाले की दोन्ही बाजूंच्या अंगणांतून “दाजू, चहा!” अशा हाका येत, आणि हातातली लांब लोखंडी चावी काठीसारखी टेकवत दाजू मध्येच उभे राहून आज कोणाचा चहा घ्यावा ह्याचा विचार करत. ज्याचा चहा घेतला त्याच्या नळाला त्या दिवशी जरा जास्त वेळ पाणी राही, असं लोक म्हणत. दाजू म्हणत, “पाणी उतारावर धावतं. त्याला मी काय करणार?”

निरोपाच्या समारंभात त्यांच्या गळ्यात सन्मानाची इतकी रेशमी उपरणी, म्हणजे खादे, पडले की त्यांची हनुवटी दिसेना. पहलमान सुब्बा, म्हणजे आमचा दुकानदार, भाषण करायला उठला. दाजूंनी इतकी वर्षं सगळ्या वस्तीला पाणी पाजलं, असं तो म्हणाला, आणि ते दोन्ही अर्थांनी खरं होतं.

त्यानंतर हाका थांबल्या. नवा चावीवाला आला तो हसतमुख होता, चावी पूर्ण उघडी ठेवून झोपायला जाई, आणि चहाचे कप आता त्याच्याकडे वळले. दाजू सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्यानं चालत. प्रत्येक अंगणासमोर आले की घसा खाकरत. आतून उत्तर येई, “ओ दाजू! बरं आहे ना?” बस, तेवढंच. मग पुन्हा कपडे आपटल्याचा आवाज. एकदा तर ते पहलमानच्या दुकानासमोर इतका वेळ खोकले की त्यानं आल्याची पुडी बाहेर पाठवली.

मग त्यांनी घरावर राज्य करायला घेतलं. चुलीत लाकूड आडवं घालायचं की उभं, किटली किती भरायची, कोंबड्यांना कुठल्या बाजूनं दाणे टाकायचे, सगळ्याचे नियम झाले. देवीमाया, त्यांची बायको, मोठी सोशिक बाई. ती फक्त म्हणायची, “अनुषाचे बाबा, बाहेर ऊन छान पडलंय.” ह्याचा अर्थ दाजूंना कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

कळल्यावर ते घरामागच्या बागेत जाऊन बसू लागले. तिथं देवीमायाच्या डल्ले मिरच्या होत्या. बोरासारखी गोल, लालबुंद, जिभेवर ठेवली की कानातून वाफ काढणारी डल्ले. आमच्याकडे जेवणाला भात नसला तरी चालेल, पण ताटाच्या कडेला डल्लेचं लोणचं हवं. कुणाच्या घरची मिरची किती तिखट, ह्यावर सोयरिकी जुळल्या आहेत आणि मोडल्याही आहेत. देवीमायाची झाडं काही तेलाच्या डब्यांत होती, काही बांधाच्या कडेनं लावलेली, आणि त्यांतली बरीचशी दोन-तीन हिवाळे काढलेली. थंडीत ती त्यांना जुन्या पोत्यांनी झाकायची, बकरीचं खत घालायची. ह्याकडे दाजूंनी आजवर कधी पाहिलं नव्हतं, कारण ते पाण्याकडे पाहत होते.

अनुषा त्यांची मुलगी, सिलिगुडीत नर्स. बाबांचं मन रमावं म्हणून तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गोरा माणूस मिरचीच्या झाडाचा शेंडा कात्रीनं उडवत होता. बोलत काय होता ते दाजूंना कळलं नाही, पण हात कसे चालतात ते कळलं. वर कापलं की बाजूनं फुटवे येतात. पहिल्या कळ्या खुडल्या की झाड अंगानं भरतं. थोडक्यात, वरची चावी बंद केली की खालच्या नळांना जोर येतो. हे शास्त्र दाजूंना नव्यानं शिकायची गरजच नव्हती.

शनिवारी देवीमाया हाटाला गेली. ती परत आली तेव्हा तिच्या सगळ्या झाडांचे शेंडे जमिनीवर पडले होते आणि दाजू वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून तळहातावर तंबाखू मळत होते. हा त्यांचा आवडता उद्योग. काहीही महत्त्वाचं काम झालं की ते तंबाखू मळत, आणि त्यांच्या मते ते करत ते सगळंच महत्त्वाचं असे.

देवीमायानं पाठीवरचा डोको, म्हणजे बांबूची टोपली, हळूच खाली ठेवला.

“हे काय?”

“छाटणी.”

“कुणी सांगितली?”

“शास्त्र आहे. तुला कळायचं नाही. आता बघ कशी भरतात.”

“आधी काय रिकामी होती?”

दाजूंनी तंबाखूवर दोन टाळ्या मारल्या, चिमूट ओठामागे ठेवली आणि ह्या प्रश्नातून सुटका करून घेतली. मात्र पाऊस लागेपर्यंत दाजूंच्या ताटात लोणचं पडलं नाही. मागितलं की ती म्हणे, “भरू द्या ना झाडं.”

झाडं भरली. खरंच भरली. एकेका खोडाला चहूबाजूंनी फांद्या आल्या, झाडं छत्र्यांसारखी गोल झाली आणि भाद्रपदात लाल मिरच्यांनी वाकली. त्या वर्षी पाऊस शहाण्यासारखा पडला होता आणि मिरच्या सगळ्यांच्याच वाकल्या होत्या, पण बाकीच्यांनी आपापल्या मिरच्या मुकाट्यानं तोडल्या. दाजूंनी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला बागेत ओढून नेऊन दाखवल्या. दाखवली की वस्तू दुप्पट दिसते. शिवाय दाजूंकडे ह्या पिकाचं कारण होतं; आमच्याकडे नुसतं पीक होतं.

पहिला आला पहलमान. “दाजू, आमच्याही झाडांकडे जरा बघा की.”

“बघू,” दाजू म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हा शब्द वापरायला मिळाला होता. “चहा ठेव.”

पुढच्या फाल्गुनापासून कागेडांड्यात पुन्हा हाका सुरू झाल्या. दाजूंनी छाटणीची लाल मुठीची कात्री कमरेला लावली आणि घरोघर जाऊ लागले. आधी चहा, सोबत तांदळाच्या पिठाचं गरम कडं, म्हणजे सेल रोटी. मग झाडाभोवती एक फेरी. मग मोढ्यावर बसून तंबाखू मळता मळता प्रवचन. “हे बघ, झाडाला बुद्धी नसते. ते वर बघत सुटतं. आपण त्याला आडवं व्हायला शिकवायचं.” चिमूट ओठात गेली की त्याच हातानं शेंडा धरायचा, कात्री कटकन वाजवायची, आणि कळ्या नखानं खुडून यजमानीणबाईच्या ओंजळीत प्रसादासारख्या द्यायच्या. ह्या घरून त्या घरी. एखाद्या घरी नुसतीच रोटी मिळाली, सोबत काही नसलं, तर ते म्हणत, “हे झाड अजून तयार नाही. पुढच्या आठवड्यात बघू.” लोक लगेच समजत आणि पुढच्या आठवड्यात नाचणीची गरम दारू, म्हणजे तोंग्बा, तयार ठेवत.

आमच्याकडे दोन माणसांना एकच गोष्ट आवडली की समिती होते. इथं तर सगळ्या वस्तीला आवडली होती. ‘कागेडांडा डल्ले संवर्धन व छाटणी समिती’ स्थापन झाली. दाजू अध्यक्ष, पहलमान चिटणीस. बायकांनी लावलेल्या, बायकांनी राखलेल्या झाडांच्या ह्या समितीत एकही बाई नव्हती. त्या चहा करायला होत्या. उद्घाटनाला पंचायतीचे सदस्य आले. पहलमानच्या सगळ्यांत चांगल्या झाडाला लाल फीत बांधली होती. सदस्य महाशयांनी आयुष्यात कात्री फितीसाठीच हाती घेतलेली. त्यांनी डोळे फोटोवाल्याकडे ठेवून अशी काही जोरात चालवली की फितीबरोबर झाडही मधोमध तुटलं. मग दाजू गंभीरपणे म्हणाले, “ह्याला खोल छाटणी म्हणतात.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

एक घर मात्र दाजूंच्या कात्रीला मिळालं नाही. ते काइली तामांगचं. ती भावंडांत चौथी, म्हणून काइली, आणि वस्तीला काइली दिदी. विधवा बाई, दाजूंच्या घराच्या बरोबर खाली, डोंगरउताराच्या पुढच्या पायरीवर राहायची. तिची मिरचीची झाडं स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, वेडीवाकडी, केस न विंचरल्यासारखी वाढलेली. समितीला त्या झाडांची लाज वाटे. वरून जाणाऱ्या पाहुण्यांना ती दिसत ना!

पहलमान तिला समजवायला गेला. “दिदी, एकदा दाजूंचा हात लागू दे. फुकट करतात ते.”

काइली दिदी लोकर विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, “माझ्या पोराच्या लग्नात पानं उचलून झाली आणि हात धुवायला थेंब नव्हता. वऱ्हाड ओढ्यावर गेलं. व्याही घसरून पडला. आठवतं?”

“ते जुनं झालं, दिदी. तेव्हा खालच्या पाइपाची दुरुस्ती चालली होती.”

“हो का? आदल्या दिवशी मी रांगेवरून त्याच्याशी भांडले आणि दुसऱ्या दिवशी पाइप आजारी पडला. ज्या हातानं माझं पाणी तोडलं तो माझ्या झाडाला लागायचा नाही. जाताना फाटक लावून घे, डुकरं आत येतात.”

हे ऐकून दाजू मोठ्या मनानं हसले. “अडाणी आहे,” म्हणाले. त्यांच्या अंगणातून तिची झाडं सरळ दिसत, म्हणून त्यांनी आपला मोढा तोंड फिरवून ठेवला.

त्या वर्षी नवे फुटवे आले, पण काहीतरी बिघडलेलं होतं. कोवळी पानं पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची येऊ लागली. मग ती आक्रसली, चुरडली, काही तर सुतळीसारखी बारीक झाली. फुलं गळाली. जी काही मिरची धरली ती वाटाण्याएवढी, वेडीवाकडी आणि डागाळलेली. आधी दाजूंच्या घरी, मग पहलमानकडे, मग एकेक करत खाली शाळेपर्यंत.

समितीची तातडीची सभा झाली. कारणांना तोटा नव्हता. यंदा धुकं फार होतं. समोरच्या डोंगरावर मोबाईलचा मनोरा उभा राहिला होता. सिलिगुडीच्या ट्रकांचा धूर वर चढतो. एकानं तर पंचायत सदस्याचा पायगुण काढला, पण ते सभेला हजर असल्यानं तो मुद्दा मागे घेतला गेला. शेवटी कुणीतरी हळूच म्हणालं, “काइली दिदीची झाडं मात्र ठणठणीत आहेत.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. भिंतीला टेकलेल्या त्या विस्कटलेल्या झाडांना इतक्या मिरच्या लागल्या होत्या की पानं शोधावी लागत होती.

कुणी ‘नजर’ हा शब्द उच्चारला नाही. सुशिक्षित समिती होती. पण चार जणांचं शिष्टमंडळ खाली गेलं. पुढे पहलमान.

“दिदी, रागावू नका. सगळ्यांची झाडं आजारी आणि तुमचीच तेवढी बरी. असं कसं?”

“माझ्या झाडांना समिती नाही,” काइली दिदी म्हणाली.

शिष्टमंडळ परत वर आलं.

आश्विनाच्या सुरुवातीला कृषी खात्याच्या एक तरुण मॅडम गावात आल्या. त्या आल्या होत्या आल्याच्या पिकासाठी, पण पहलमाननं त्यांना रस्त्यातच गाठलं. शाळेच्या पडवीत सभा भरली. मॅडमनी काही फांद्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. कुठल्या घरी आधी दिसलं, नंतर कुठल्या घरी, असं विचारलं. लोक सांगत गेले, त्या बोटानं हवेत रस्ता काढत गेल्या.

“ही छाटणी प्रत्येकानं आपापली केली का?”

“छे छे!” पहलमान अभिमानानं म्हणाला. “सगळी अध्यक्षांच्या हातची. एकच कात्री, एकच हात. एक घर सोडलं नाही मॅडम, काइली दिदीचं तेवढं राहिलं.”

“कात्री मध्ये धुतली होती?”

पहलमाननं दाजूंकडे पाहिलं. दाजूंनी कात्रीकडे पाहिलं.

“आणि तंबाखू कोण कोण खातं?”

ह्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. उत्तर द्यायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि पडवीतल्या बहुतेकांचा खालचा ओठ भरलेला होता.

मॅडम समजल्या. फारसं न हसता त्यांनी सांगितलं. हा विषाणूचा रोग. तंबाखूच्या पानात तो असतो, वाळवलं, कुटलं तरी मरत नाही. तंबाखू मळलेल्या हातानं मिरचीचं झाड हाताळलं की झाडाला लागतो, आणि मग कात्रीवरून, बोटांवरून एका झाडाचा रस दुसऱ्याला. औषध नाही. झाडं मुळासकट काढून जाळायची, त्या जागी निदान पुढच्या वर्षी मिरची लावायची नाही. कात्री उकळत्या पाण्यात घालायची, हात साबणानं धुवायचे. “छाटणी वाईट नाही,” जाता जाता त्या म्हणाल्या. “हात स्वच्छ हवेत एवढंच.”

त्या बोलत होत्या तेव्हा दाजूंचा उजवा अंगठा सवयीनं डाव्या तळहातावर फिरत होता. मध्येच तो थांबला. दाजू आपल्या तळहाताकडे असे बघत राहिले, जणू तो कुणीतरी आत्ताच त्यांच्या मांडीवर आणून ठेवला होता.

मॅडमची जीप वळणाआड गेली आणि समितीला कंठ फुटला.

“प्रयोगशाळेत ठीक आहे हो हे,” पहलमान म्हणाला. वस्तीतला सगळा तंबाखू त्याच्याच दुकानातून जात होता. “डोंगरातली हवा निराळी. आमचे आजोबा तंबाखू खाऊनच मिरच्या लावत होते.”

“धुकंच आहे हे,” दुसऱ्यानं थुंकून येऊन दुजोरा दिला.

“मग ठराव करू,” पहलमान म्हणाला. “यंदाचा रोग धुक्यामुळे आला असं समितीचं मत आहे, आणि अध्यक्षांच्या कार्याबद्दल समिती त्यांचं अभिनंदन करते. हात वर करा.”

भराभर हात वर झाले. एकमेकांचे ओठ वाचवण्यासाठी इतकी एकी आमच्या वस्तीत पूर्वी दिसली नव्हती. दाजूंनी नुसतं गप्प बसायचं होतं. ते अध्यक्ष राहिले असते, चहा चालू राहिला असता.

पण दाजू उठले. “धुक्याला हात असतात का रे?” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक लागला. “ठराव नको. झाडं माझ्या हातानं गेली.”

“दाजू, बसा हो. असं उभ्या सभेत बोलतात का?”

“मग कुठं बोलू? तुमच्या घरी येऊन शेंडे खुडले तेव्हा सगळ्यांच्या देखतच खुडले ना?”

पहलमानला खरोखर काळजी पडली. “अहो, पण हे कामकाजात कसं घालायचं?” 

दाजूंनी कमरेची कात्री काढून त्याच्यासमोर ठेवली आणि ते घरी निघून आले.

देवीमाया मागच्या बागेतच होती. सभेतलं बोलणं तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. आमच्याकडे पाण्यापेक्षा बातमी वेगानं उतरते. दाजू तिच्या झाडांसमोर उकिडवे बसले.

“काढावी लागतील,” ते म्हणाले.

“ऐकलं.”

“सगळी.”

“ऐकलं म्हणते ना.” तिनं पदरानं नाक पुसलं. “ते टोकाचं झाड अनुषाच्या नोकरीच्या वर्षी लावलेलं. दर थंडीत मी त्याला पोतं घालायची. माझी झाडं होती ती, अनुषाचे बाबा. हात लावायच्या आधी तुम्ही एकदा तरी विचारलंत?”

दाजूंच्या तोंडात आता तंबाखू नव्हता. ते नुसतेच “नाही” म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून बायकोनं बहुधा पहिल्यांदाच ऐकला, कारण ती वळून त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती जाऊन टोपली घेऊन आली. ते झाडं उपटत गेले, ती भरत गेली.

दुसऱ्या दिवसापासून दाजू पुन्हा घरोघर गेले. आता कुणी हाक मारली नाही. काहींनी दार लोटून घेतलं. काही म्हणाले, “राहू द्या, ह्याला अजून पाच-दहा येतील.” दाजू हट्टानं उभे राहत, झाड काढून घेत, मुळाची मातीसुद्धा झाडून घेत. पहलमाननं आपलं उद्घाटनाचं झाड द्यायला नकार दिला. समितीची मालमत्ता आहे म्हणाला. ते त्याच्या बायकोनं मागच्या दारानं आणून दिलं. शाळेमागच्या मोकळ्या जागेत सगळ्या वस्तीच्या मिरच्या जळल्या. त्या धुरानं आम्ही सगळे शिंकलो, खोकलो, डोळे पुसले. रडायचं होतं त्यांना त्या धुराची चांगली सोय झाली.

त्या दसैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, ताटं बोडकी दिसत होती. डुकराचं मांस होतं, सेल रोटी होती, आणि कडेला जागा रिकामी. पहलमाननं सिलिगुडीहून बरण्यांतलं लोणचं मागवून ठेवलं होतं. ते गोड होतं. तरी सगळं खपलं. समितीच्या चिटणीसाला ह्या संकटात झळ लागली नाही ती एवढ्यामुळे.

सण आटोपल्यावर एका सकाळी दाजू खालच्या पायरीवर उतरले. काइली दिदीच्या फाटकाशी उभे राहिले. घसा खाकरायची जुनी सवय त्यांनी मोठ्या कष्टानं आवरली.

“कोण आहे?”

“मी. कर्णध्वज.”

“वाट चुकलास का? टाकी वर आहे.”

“बिया मागायला आलोय. मला नकोत. वस्तीला हव्यात.”

“वस्तीला पाय नाहीत?”

“आहेत. पण झाडं मी घालवली. मग मागायला मीच यायचं ना.”

काइली दिदी बाहेर आली. हातात लोकरीचा गुंडा होता. “आणि माझ्या पोराच्या लग्नातलं पाणी? ते कुणी घालवलं?”

“मीच.”

“पाइपाची दुरुस्ती होती म्हणे.”

“नव्हती,” दाजू म्हणाले. “मी चावी फिरवली, आणि वर बसून तुमचं वऱ्हाड ओढ्यावर जाताना पाहिलं. मजा वाटली तेव्हा. व्याही पडले तेव्हा मात्र नाही वाटली. पण तोवर उघडायची लाज वाटली.”

काइली दिदीनं लोकरीचा गुंडा दगडावर ठेवला. ह्या माणसाला ऐकवायची वाक्यं तिनं इतकी वर्षं घोटून ठेवली होती, आणि ह्यानं कबूलच केल्यामुळे त्यांतलं एकही आता चालण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला असावा.

“मेल्या, तेव्हाच म्हणाला असतास तर एका शिवीत मिटलं असतं,” ती म्हणाली. मग नळाकडे बोट दाखवलं. “साबण तिथं दगडावर आहे. कोपरापर्यंत धू.”

दाजूंनी धुतले. तिनं पुन्हा धुवायला लावले. मग ती स्वतः झाडाजवळ गेली आणि पिकून मऊ झालेल्या, सगळ्यांत लाल मिरच्या निवडून सुपात घातल्या. दाजू झाडाजवळ येऊ लागले तर म्हणाली, “तिथंच थांब.”

बिया देवीमायानं वाळवल्या आणि फाल्गुनात तिनंच पेरल्या. जुन्या जागी मिरची लावायची नव्हती, म्हणून दाजू नव्या वाफ्यांसाठी जंगलाच्या कडेची ताजी माती टोपल्यांनी वाहून आणत होते. तंबाखू सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. पहिले काही दिवस ते सगळ्यांवर भुंकले, म्हणून देवीमायानं त्यांच्या तोंडात छुर्पीचा खडा द्यायला सुरुवात केली. याकच्या दुधाचं हे दगडासारखं चीज गालात धरलं की तासनतास विरघळत नाही, आणि तोवर माणसाला बोलता येत नाही. हा उपाय वस्तीला पसंत पडला. येणारेजाणारे पाहुणे खाऊ म्हणून दाजूंसाठी छुर्पीच आणू लागले.

समिती अजून आहे. पहलमान अध्यक्ष झाला. ‘छाटणी’ हा शब्द नावातून गाळून तिथं ‘जनजागृती’ घातला. काइली दिदीचा सत्कार करायचा ठराव झाला. ती समारंभाला गेली, खादा गळ्यात घालून घेतला, भाषणं सुरू व्हायच्या आधी उठून आली आणि घरी आल्यावर तो खादा झुकलेल्या एका फांदीला आधार म्हणून बांधून टाकला.

रोपं वाटायच्या दिवशी दाजूंच्या अंगणात गर्दी झाली. काइली दिदी मोढ्यावर बसून प्रत्येकाचे हात तपासत होती. “हे काय? नखं बघ. परत जा.” मोठमोठी माणसं शाळेतल्यासारखी नळाकडे परत जात होती. दाजू गालात छुर्पी धरून, वाफ्यांतून रोपं मातीसकट उचलून देवीमायाच्या हातात देत होते.

“दाजू, ह्यांचे शेंडे खुडायचे का नाही?” गर्दीतून कुणीतरी विचारलं. खवचटपणा होता की खरंच शंका होती, सांगता येत नाही.

दाजूंनी भरल्या तोंडानं हनुवटी बायकोकडे केली.

देवीमायानं रोपांवरून नजर फिरवली. “उंच, लुकडी झालेली तेवढी खुडीन,” ती म्हणाली. “बाकीच्यांना काही करू नका. ती आपली आपण येतायत.” आणि तिनं पुढच्या बाईच्या टोपलीत दोन रोपं घातली. ती बाई म्हणाली, मघाशी तिच्या जावेला तीन दिली होती. त्यावरून जे भांडण लागलं ते जेवणवेळेपर्यंत चाललं.

मिरची त्या वर्षी बेताचीच आली. तिखट होती.